ई-सायकल शनिवारी येतेय, सोबत काय काय घ्यावं?

निखिल बी-७०३ : नमस्कार मंडळी. ई-सायकल बुक केलीय, शनिवारी मिळेल. कोलशेत ते वागळे इस्टेट, रोज ऑफिसला. कार्टमध्ये टाकलंय ते असं: हेल्मेट, मोबाइल होल्डर, केबल लॉक, जेलचं सीट कव्हर, मागचं कॅरियर, रंगीत एलईडी पट्टी, सायरनवाला हॉर्न. सेल आज रात्री संपतोय. काही राहिलं का?

मेधाताई ए-२०१ : मडगार्ड राहिलं! जुलैत कपूरबावडीचा सगळा चिखल पाठीवर घेऊन मीटिंगला बसणार का?

जोशीकाका ए-१०२ : आरटीओ पासिंग, इन्शुरन्सचं बघितलंस का रे?

निखिल बी-७०३ : काका, दुकानदार म्हणतो लागत नाही.

संदेश सी-११०४ : काका, दुकानदार बरोबर म्हणतोय. मोटर पाव किलोवॅटच्या आत, वेग ताशी २५ च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर ती कायद्याने मोटार वाहन धरत नाहीत. मात्र पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवाच, तो त्याच नियमात आहे. निखिल, मडगार्ड बसवताना मागचा रिफ्लेक्टर झाकला जाणार नाही एवढं बघ. आणि कोणी 'स्पीड अनलॉक करून देतो' म्हणाला तर हात जोड. मग ती सायकल राहत नाही, पासिंगसकट सगळं मागे लागतं.

निखिल बी-७०३ : ओके दादा. बाकी लिस्ट ठीक?

संदेश सी-११०४ : खरं सांगू? हेल्मेट सोडून आज काहीच घेऊ नकोस. सेल परत येतो. साध्या सायकलचं सामान ई-सायकलला बसेलच असं नाही, वायर नाहीतर डिस्क मध्ये येते. कॅरियरचंच घे. मागे डिस्क ब्रेक असेल तर डावीकडे कॅलिपर, म्हणजे डिस्क आवळणारी पकड असते, साध्या कॅरियरचा पाय नेमका त्याच्यावर आपटतो. डिस्कसाठीचं, पाय बाहेरून जाणारं कॅरियर मिळतं, पण फ्रेमला बोल्टची भोकं आहेत का ते सायकल समोर आल्यावरच कळणार. सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरियर घेऊ नकोस, ८-१० किलोच्या वर ते डुलायला लागतं. तुझा लॅपटॉप, डबा, रेनकोट धरून बघ किती होतं.

सायरन आणि रंगीत पट्टी तर काढूनच टाक. त्यांना करंट कुठून देणार? बॅटरीच्या वायरी सोलून. पट्टी १२ व्होल्टची, बॅटरी ३६ ची. पट्टी जळेल ती जळेल, वॉरंटीही जाईल. साधी घंटी फुटपाथवरच्या माणसाला पुरते, आणि बससमोर सायरनही कोणी ऐकत नाही.

मेधाताई ए-२०१ : आमच्या पिंट्याच्या सायकलला आहे तो सायरन. निखिल, हवा तर घेऊन जा, पैसे मी देते.

जोशीकाका ए-१०२ : हेल्मेट तरी कशाला विकत? स्कूटरचं असेलच की घरी.

संदेश सी-११०४ : चालेल काका, पण पेडल मारत मे महिन्यात ते डोक्यावर टिकत नाही, माणूस तिसऱ्या दिवशी हँडलला लटकवतो. सायकलचं हवेशीर घ्यावं, आत ईएन १०७८ लिहिलेलं असावं, ते सायकल हेल्मेटचं युरोपीय मानक आहे.

निखिल बी-७०३ : केबल लॉक पण नको?

संदेश सी-११०४ : केबल तर कटरने दोन झटक्यांत तुटते. यू-लॉक घे, आणि मागचं चाक फ्रेमसकट ग्रिलला अडकव. तुझी मोटर त्या चाकात आहे. बॅटरी किल्लीने निघते, ती काढून वर ऑफिसात न्यायची.

मेधाताई ए-२०१ : आणि पंक्चर झालं तर? घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामामुळे खिळे नि तारा काय कमी आहेत!

संदेश सी-११०४ : ताई, लाखाचं बोललात. हे तर त्याच्या लिस्टमध्ये औषधालाही नव्हतं. मोटरवालं चाक काढायचं तर आधी वायरचा जोड सोडवायचा, मग ॲक्सलचे नट, बहुतेक १८ च्या पान्याचे. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने वायर ओढली तर खर्च मोटरपर्यंत जातो. त्याला सांगायचं, चाक काढू नकोस, टायर एका बाजूने उतरव, ट्यूब तेवढी बाहेर ओढ आणि पॅच मार. बॅगेत १८ चा पाना, टायर लिव्हर आणि पॅच ठेव. व्हॉल्व्ह स्कूटरसारखा असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते.

आरसाही घे, उजव्या बाजूचा. थ्रॉटल (स्कूटरसारखा ॲक्सिलरेटर) मुठीत पिळायचा असेल तर मुठीच्या टोकात खोचायचा आरसा बसत नाही, दांड्यावर क्लॅम्पने आवळायचा लागतो. हेही सायकल बघूनच ठरव.

जाधव सी-३०१ : चार्जर एक्स्ट्रा लागला तर माझ्याकडे जुना पडलाय, ४८ व्होल्टच्या सायकलचा. पिन सेम असेल.

संदेश सी-११०४ : जाधवसाहेब, पिन सेम असली तरी नको! ३६ च्या बॅटरीला ४२ व्होल्टचा चार्जर लागतो, ४८ वाला ५४.६ देतो. आग लागायची.

सेक्रेटरी : विषय निघालाच आहे तर. चार्जिंग घरात करा, जिन्यात किंवा पॅसेजमध्ये एक्स्टेंशन ओढू नका. दाराशीही बॅटरी चार्जिंगला लावू नका, तीच बाहेर पडायची वाट असते.

जोशीकाका ए-१०२ : लाइट बिल किती वाढेल त्याचं?

संदेश सी-११०४ : ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर. चार्जरमधली घट धरून अर्ध्या युनिटच्या आत. आणि निखिल, सकाळी गाड्या धुतात त्या प्रेशर गनपासून सायकल लांब उभी कर. पाऊस झेपतो, तो फवारा डिस्प्लेत आणि मोटरच्या वायरीत शिरतो. ओल्या फडक्याने पुस.

निखिल बी-७०३ : कार्टमध्ये फक्त हेल्मेट ठेवलं. दादा, शनिवारी टेप घेऊन खाली याल का? कॅरियर आणि आरशाची मापं घेऊ.

संदेश सी-११०४ : सहानंतर येतो. पंप घेऊ नकोस, माझा वापर.

मेधाताई ए-२०१ : आणि सायरन?