बारावीची मुलगी लेखीत पुढे, नीटच्या मॉकला मागे, असं का होतंय?

लातूरची_आई:
मुलगी बारावी सायन्सला आहे, कॉलेजच्या लेखी परीक्षेत कायम वर असते, पण नीटच्या मॉकला मार्क पडतच नाहीत. तिच्याच बॅचमधला एक मुलगा लेखीत तिच्या खूप मागे आणि मॉकला चाळीसेक मार्कांनी पुढे. सर म्हणतात मुली प्रेशर आलं की घाबरतात. खरंच असं असतं का?

फिजिक्सवाली:
ताई, घाबरते म्हणून विषय संपवू नका, आधी तिची ओएमआर (गोळे भरायची उत्तरपत्रिका) बघा, कोरे किती आहेत ते मोजा. मी क्लासला शिकवते, हुशार मुलींच्या पेपरात मला चुकलेल्यांपेक्षा कोरेच जास्त दिसतात, विचारलं की म्हणतात मॅडम दोन ऑप्शनवर अडकले, मायनस नको म्हणून सोडला. आता हिशोब करा, बरोबरला ४, चुकलं तर उणे १, दोन ऑप्शन नक्की चूक आहेत हे कळलं असेल तर उरलेल्यातला कुठलाही मारला तरी सरासरी दीड मार्क हातात येतो आणि सोडला तर शून्य. असे दहा सोडले की १५ मार्क गेले, नीटला तेवढ्यात हजारोंनी रँक घसरते. चिलीत २०१५ ला कॉलेज प्रवेश परीक्षेतलं निगेटिव्ह मार्किंग काढलं, आधी मुली मुलांपेक्षा जास्त प्रश्न सोडायच्या, नंतर तो फरक खूप कमी झाला. मुली तशाच, फक्त नियम बदलला.

रिपीटर_२:
मॅडमचं पटतंय पण घरचंही बघा ना. मुलाला एक वर्ष ड्रॉप घे म्हणतात, मुलीला सांगतात यंदा नाही झालं तर बीएस्सी कर. एकच चान्स आहे म्हटल्यावर ती रिस्क घेईलच कशी? माझ्या बहिणीच्या बाबतीत हेच झालं, अजून राग येतो.

लातूरची_आई:
मॅडम बघितली ओएमआर, २१ कोरे, त्यातले बहुतेक फिजिक्सचे!! आत्ता तेच घेऊन बसलीय, अर्धे तर बरोबर सुटतायत. आणि दादा, ड्रॉपचं तिच्या बाबांशी आज बोलते. सीईटीला पण असंच करायचं का?

फिजिक्सवाली:
एमएचटी-सीईटीला निगेटिव्हच नाही, एकही कोरा सोडू देऊ नका. नीटला मात्र एकही ऑप्शन कटत नसेल तर तिथे वेळ घालवू नको म्हणावं, पुढचा घे.