मदत हवी आहे: गाठ दाखवायला तयार नसलेल्या मावशींना कसं समजवावं?

नमस्कार मंडळी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या स्तनात गाठ आहे. "दुखत नाही, मग कशाला?" म्हणतात. न दुखणारी गाठही दाखवायलाच हवी, हे सांगून मी थकले. खरी भीती वेगळीच. एकदा टेबलावर घेतलं की काढूनच टाकतील, आणि खाडे पडले तर पैसे कोण देणार?

पहिल्या भीतीवर त्यांना अमेरिकन पत्रकार रोझ कुशनर यांची गोष्ट सांगितली. १९७४ मध्ये त्यांना गाठ लागली, तेव्हा बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) आणि स्तन काढणं एकाच भुलीत उरकायची पद्धत होती. त्या अडून बसल्या: आधी तपासणी, निर्णय नंतर. पुढे १९७९ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीनेही दोन टप्पेच सुचवले. समितीत कुशनरही होत्या.

मावशी हात पुसत म्हणाल्या, "ती शिकलेली होती, ताई." आणि भांड्यांकडे वळल्या. मी गप्प.

तुमच्यापैकी कोणी अशा बाईसोबत तपासणीला गेलंय का? डॉक्टरांना पहिल्याच भेटीत काय विचारलंत? बुडालेल्या रोजाची सोय कशी लावलीत? (मी पैसे कापणार नाही, पण त्या चार घरी जातात.) "धीर द्या" सोडून काहीही सांगा.