प्रतिसाद: लक्ष दिलं नाही, की देता आलं नाही?
वर कोणीतरी लिहिलंय की कोविडमध्ये अमेरिकेतल्या मार्शली (म्हणजे पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवरून आलेल्या) पालकांनी मुलांच्या ऑनलाइन शाळेकडे लक्षच दिलं नाही. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या स्प्रिंगडेल शहरात कितीतरी मार्शली आईबाप कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यांत राबतात. ते काम घरून होत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, पाळ्या मात्र सुरूच राहिल्या. मग मुलांपाशी कोण बसणार? बऱ्याच घरांत आजी. तिला येते मार्शली, शाळेच्या सूचना इंग्रजीत. थोरल्या बहिणीने आधी आजीला त्या समजावायच्या, धाकट्याला लॉगिन करून द्यायचं, त्याचा माइक बंद करायचा, आणि त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात स्वतःचा तास गाठायचा.

त्यात घरोघरी दुखवटा. त्या भागातल्या दोन काउंट्यांत (जिल्ह्यांत) मार्शली लोक लोकसंख्येच्या फार तर ३ टक्के, पण जून २०२० पर्यंतच्या कोविड मृत्यूंत ३८ टक्के! १९९६ च्या कायद्याने गेलेलं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, परत मिळालं तेही डिसेंबर २०२० च्या अखेरीस. अशा घरातल्या मुलाचा कॅमेरा बंद दिसला, तर गैरहजेरी मांडण्याआधी घरी फोन करून मार्शलीत विचारायला हवं होतं, 'सगळे बरे आहेत ना?'