आजेसासूबाईंची शंभरी आणि माणसाची दीडशे वर्षं

रावपुऱ्याची सून:
पुढच्या महिन्यात आमच्या आजेसासूबाईंची शंभरी करायची ठरलीय. परवा तयारीला सगळे जमले. सेव-उसळ खाता खाता दीर म्हणाले, "शंभरचं काय घेऊन बसलात, आत्ता जन्मलेली पोरं दीडशे गाठतील." माझं मत, नाही गाठणार. फ्रान्समधल्या आर्ल गावच्या जान काल्माँ 1997 साली 122 व्या वर्षी गेल्या. तेव्हापासून जगभर शतायुषी कितीतरी वाढले, पण त्यांच्यापर्यंत कुणी पोचलं नाही. हंडीखाली गोविंदांची गर्दी दसपट झाली तरी वरचा थर चढेना, असं झालंय. 2016 साली वार्धक्याचे संशोधक यान व्हाइख यांच्या गटाने आकड्यांवरून हेच मांडलं होतं: छत साधारण 115 ला, काल्माँबाई अपवाद.

सूरसागर:
ताई, छत कुणी घातलं? घरातला उंदीर दोन-तीन वर्षांत आटोपतो आणि त्याच्याएवढाच नेकेड मोल रॅट, म्हणजे जमिनीखाली राहणारा बिनकेसांचा उंदरासारखा प्राणी, तीस वर्षांहून जास्त जगतो. ग्रीनलँड शार्क अडीचशेच्या पुढे जातो. शरीर स्वतःची डागडुजी किती नेटाने करतं त्यावर हे ठरतं, आणि डागडुजी सुधारता येते. 2009 साली म्हाताऱ्या उंदरांना रॅपामायसिन नावाचं औषध दिलं तर ते जास्त जगले. शिवाय 2018 चा इटलीतला अभ्यास बघा, 105 नंतर मृत्यूचा धोका वाढायचाच थांबतो.

मांडवीचे मास्तर (निवृत्त, गणित):
थांबतो, पण कुठे थांबतो ते सांगा की! तिशीनंतर धोका साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो, हे गोम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञाच्या 1825 च्या नियमातून निघतं. शेवटी तो वर्षाला निम्म्यावर स्थिरावतो असं धरू. म्हणजे दर वाढदिवसाला नाणेफेक. 110 वरून 122 ला जायला सलग बारा छापे हवेत, 4096 मध्ये एक. भिंत नसली तरी माणूस तिथे पोचत नाही. सूनबाईंचं बरोबर.

सूरसागर:
मास्तर, मग नाणंच बदलायचं ना! वाचण्याची शक्यता पन्नासची ऐंशी टक्के केली की तेच बारा छापे पंधरात एकाला पडतात. करा हिशेब.

मांडवीचे मास्तर:
हिशेब चोख. नाणं बदलणारं औषध माणसांवर सिद्ध झालं की कळवा.

कमाटी बाग साडेपाच:
आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्र शिकलेले नोबेलविजेते व्यंकी रामकृष्णन यांनी 2024 मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलंय. अमरत्व विकणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नाही. माझाही नाही. माझी आई 91 ची, चार वर्षं अंथरुणात. तिला कूस बदलून देताना मला दीडशेचा आकडा ऐकवू नका. मला स्वतःला शेवटपर्यंत आधाराशिवाय जमिनीवरून उठता आलं, बस.

दांडिया बाजार:
मुळात ही शंभरी खरी कशावरून? सॉल न्यूमन या संशोधकाला 2024 चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं ते यासाठीच. अतिदीर्घायुषी जिथे फार, तिथे नोंदींचाच घोळ फार. टोकियोत 2010 साली कागदावर 111 वर्षांचे आजोबा तीस वर्षांपूर्वीच गेलेले निघाले, घरचे पेन्शन खात होते!

रावपुऱ्याची सून:
आमच्याकडे पेन्शनही नाही हो. दाखलाही नाही. "सयाजीराव महाराज गेले तेव्हा मी लुगडं नेसत होते," असं त्या सांगतात. म्हणजे 1939. त्यांची धाकटी बहीण म्हणते, छे, परकर-पोलक्यात होती.

मांडवीचे मास्तर:
शाळेचं रजिस्टर काढा. महाराजांनी 1906 पासून मुलींनाही शिक्षण सक्तीचं केलं होतं, नाव असणार.

रावपुऱ्याची सून:
मिळालं! जन्म 1 जून 1928.

मांडवीचे मास्तर:
1 जून! म्हणजे आमच्याच एखाद्या मास्तराने अंदाजाने टाकलेली तारीख.

रावपुऱ्याची सून:
हॉलवाला पैसे परत देत नाही. कार्यक्रम होणार, बॅनरवर नुसतं 'अभीष्टचिंतन', आकडा नाही.