टीएलएसच्या कोडमधल्या जुन्या कमेंट्सचं काय करता?

सातपूर_कोडर:
नमस्कार मंडळी, सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत आहे, मशीनचा डेटा सर्व्हरला पाठवायचं सॉफ्टवेअर आम्ही सी मध्ये लिहितो, खाली ओपनएसएसएल (टीएलएसची, म्हणजे नेटवर्कवरचा डेटा एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोटोकॉलची, लायब्ररी). कोड टीएलएस १.२ च्या काळातला, आता १.३ चालू केलंय पण कमेंट्स (कोडमधल्या टिपा) त्याच. एका ठिकाणी लिहिलंय "हँडशेक झाला की लगेच सेशन सेव्ह करा" (हँडशेक म्हणजे कनेक्शनच्या सुरुवातीची बोलणी, सेव्ह केलेलं सेशन वापरलं की ती छोटी होते), नवीन पोराने तसंच केलं आणि आता दर रीकनेक्टला पूर्ण हँडशेक होतोय. सगळ्या कमेंट्स उडवून टाकू का?

अंबडचा_प्रोग्रामर:
उडवू नका भाऊ. १.३ मध्ये सेशन तिकीट (पुढच्या वेळी तेच सेशन वापरायला लागणारा डेटा) हँडशेकनंतर वेगळं येतं, म्हणून नवीन सेशनचा कॉलबॅक (ते आलं की आपोआप चालणारं फंक्शन) लावावा लागतो. ती कमेंट १.२ साठी बरोबरच होती, कुठल्या आवृत्तीसाठी ते तेवढं लिहायचं राहिलं. आम्ही अशा कमेंटमध्ये आवृत्ती आणि आरएफसीचा (प्रोटोकॉलच्या अधिकृत दस्तऐवजाचा) सेक्शन टाकतोच (१.३ साठी आरएफसी ८४४६), अपग्रेडच्या वेळी सर्च मारला की सगळ्या जागा सापडतात. रीनेगोशिएशन (चालू कनेक्शनवरच पुन्हा हँडशेक) पण शोधा, १.३ मधून ते काढूनच टाकलंय. आणि काही ठिकाणी कमेंट हवीच, क्लायंट हॅलोच्या (क्लायंटच्या पहिल्या मेसेजच्या) व्हर्जन फील्डमध्ये १.३ ला पण १.२ चाच आकडा जातो, खरी आवृत्ती त्याच मेसेजच्या एक्स्टेन्शनमध्ये (जोडलेल्या जादा भागात) असते, हे लिहिलं नाही तर कोणीतरी बग समजून तो आकडा बदलणार.

गंगापूर_रोड:
अंबडवाल्यांशी सहमत. डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएलचं २००८ मध्ये उघड झालेलं प्रकरण वाचा. रँडम नंबरच्या कोडमध्ये दोन ओळी दिसायला सारख्या, एकीवर फक्त मेमरी तपासणारं टूल तक्रार करतं एवढीच कमेंट, दुसरीवर काहीच नाही, आणि खरी गरजेची होती ती दुसरीच! २००६ मध्ये तसल्याच टूलच्या तक्रारीमुळे डेबियनने दोन्ही बंद केल्या, मग रँडमपणा उरला फक्त प्रोसेस आयडीचा (चालू प्रोग्रामच्या नंबरचा), म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. ती ओळ कशासाठी आहे हे तिथेच लिहिलेलं असतं तर हात लावण्याआधी माणूस थांबला असता असं मला मनापासून वाटतं.

पंचवटी_क्यूए:
"इथे सर्टिफिकेट तपासलं जातं" असं कुठे लिहिलंय का तेही बघा. ओपनएसएसएलमध्ये व्हेरिफाय पीअर हा पर्याय लावल्याने चेन (सर्टिफिकेट विश्वासू संस्थेपर्यंत पोचतं का) तपासली जाते, होस्टनेम (ते याच सर्व्हरच्या नावाचं आहे का) नाही, ते वेगळं सेट करावं लागतं. अशा कमेंटसोबत टेस्ट ठेवा, दुसऱ्याच नावाचं सर्टिफिकेट दिलं की कनेक्शन तुटलंच पाहिजे.

सातपूर_कोडर:
होस्टनेमचं आत्ताच बघितलं, कमेंट आहे पण सेट कुठेच केलेलं नाही. आधी तेच दुरुस्त करतो, टेस्टसकट.