मदत हवी आहे : आईच्या नखावर कातडी चढतेय

नमस्कार मंडळी. आम्ही परभणी जिल्ह्यातले. आईचं वय ५४, सगळी हयात कापूस वेचण्यात गेली. वर्षभरापासून तिच्या हाताची नखं पातळ झाली, उभ्या रेघा पडल्या, टोकाला चिरतात. वेचताना बोंडाच्या टरफलात अडकली की कळवळते बिचारी.

गावाकडं बुरशी म्हणून गोळ्या दिल्या, नख न तपासताच. चार महिने खाल्ल्या, फरक शून्य. आता उजव्या अंगठ्याच्या मुळाची कातडी नखाच्या मधोमध पुढं सरकून चिकटलीय, नखाचे दोन तुकडे झालेत.

नांदेडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी बघताच लायकेन प्लॅनसचा (त्वचा, नखं, तोंडाच्या आतली कातडी सुजवणारा आजार) संशय घेतला, तोंडही उघडून तपासलं. गालाच्या आत पांढरी जाळी निघाली! आम्हाला कधी दिसलीच नव्हती. ते म्हणाले, नख तयार होतं त्या मुळाशीच सूज येऊन व्रण पडतो. व्रण पडला तिथं नख परत येत नाही, म्हणून बाकीची बोटं वाचवायची घाई करा. मार लागणं, भाजणं, बोटांचा रक्तपुरवठा कमी होणं यानंही असं होतं, पण आईला त्यातलं काही नाही.

आता नखाच्या मुळाचा तुकडा काढून तपासायचा म्हणतात, मग स्टेरॉइडची इंजेक्शनं. आईला शुगर आहे, त्याचीच धास्ती.

कुणाच्या घरी ही इंजेक्शनं घेतलीत का? किती दुखतं, शुगर किती वाढली? संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात नखाची बायोप्सी कुणी केली असेल तर कृपया सांगा. वेचणी तोंडावर आलीय, आई ऐकत नाही.