पोटॅश ६ टक्के निघालं, शोशोनाइट म्हणू का? प्रबंधासाठी सल्ला हवा

गारगोटी_२२:
एमएस्सी भूशास्त्र, शेवटचं वर्ष. विषय: पोटॅशियमयुक्त अग्निज खडक आणि सोनं-तांबं. हाताशी मलंजखंडचे (मध्य प्रदेशातली तांब्याची खाण) दोन नमुने आहेत, एकात पोटॅश (पोटॅशियम ऑक्साइड) ६ टक्के. शोशोनाइटच ना? आणि तुलनेला कुठली खाण घेऊ?

डोंगरवाट:
थांब जरा. शोशोनाइट हा पोटॅशवाल्या लाव्ह्याचा खडक, मलंजखंडचा यजमान (ज्यात तांबं बसलंय तो खडक) ग्रॅनाइटच्या कुळातला. नाव तिथेच गळालं.

दुसरं म्हणजे हे पोटॅश जन्मजात की उसनं? तांब्याच्या खाणीत गरम द्रव पोटॅशियम आणून सोडतात आणि साधा कॅल्क-अल्कलाइन (मुळात पोटॅशने फार श्रीमंत नसलेला) खडकही आकड्यांत श्रीमंत दिसतो. मलंजखंडला क्वार्ट्झ रीफच्या (गारेच्या जाड शिरेच्या) आसपास गुलाबी पडलेलं फेल्डस्पार दिसतं, ते याच जातीचं. खडकाच्या पातळ कापाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लाव. हॉर्नब्लेंड या मूळ खनिजाच्या जागी बायोटाइटचा (काळ्या अभ्रकाचा) बारीक चुरा भरला असेल तर पोटॅश उसनं. मोठे, धारदार कडांचे फ्लोगोपाइटचे (मॅग्नेशियमवाल्या अभ्रकाचे) स्फटिक असते तर गोष्ट वेगळी. वर्गीकरणाला टायटॅनियम, झिर्कोनियम, निओबियम वापर, ते सहसा जागचे हलत नाहीत.

खरे पोटॅशवाले मॅग्मा फ्लोगोपाइट असलेलं प्रावरण (कवचाखालचा थर) थोडंसंच वितळून येतात. त्यांत पाणी, क्लोरीन भरपूर आणि ऑक्सिडीकरण जास्त. त्यामुळे गंधक सल्फेट होऊन राहतं, सल्फाइडचे थेंब लवकर बनत नाहीत, आणि तांबं-सोनं खोलवर अडकण्याऐवजी वर येतं. पोटॅशियम स्वतः सोनं आणत नाही!

कातळशिल्प:
सोन्यासाठी पापुआ न्यू गिनीचं लिहीर घे. लुईझ ज्वालामुखीचा एक भाग कोसळला, खालची पॉर्फिरी (मोठे स्फटिक विखुरलेला अग्निज खडक) उघडी पडली आणि तिच्यावर सोनं बसलं. खोलवरच्या गरम पाण्यात आजही सुमारे १५ पीपीबी (अब्जात १५ भाग) सोनं आहे. त्या हिशोबाने अख्खा साठा ५५,००० वर्षांत तयार होऊ शकतो, २००६ साली मांडलेलं गणित. तांबं मुख्य हवं असेल तर ऑस्ट्रेलियातलं नॉर्थपार्क्स, मोंझोनाइट या अग्निज खडकाच्या अरुंद, उभ्या खोडांभोवती बोर्नाइट (तांब्याचं खनिज).

डोंगरवाट:
लिहीर वाचायला मजेदार, पण तुझ्या नमुन्यांशेजारी नॉर्थपार्क्सच ठेव.

सागरगोटा:
जन्मजात पोटॅशवाल्यांचे नातलग बघायचे तर मुरूड-जंजिऱ्याला जा, लॅम्प्रोफायर या गडद अग्निज खडकाच्या डाइक (भेगांत भरलेल्या भिंती) आहेत. सोनं नाही, पण ओहोटीला छान दिसतात.

गारगोटी_२२:
आत्ता स्लाइड पाहिली. चुराच आहे, दादा. धडा दुसरा पुन्हा लिहितोय.